इंग्रज जमीनदार आणि माझी एक सही

मेलेल्या माणसांची पत्रं वाचायची मला भारी हौस आहे, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. आणि पत्रं तरी कुणाची? एका इंग्रज जमीनदाराची, ज्याला जाऊन अडीचशे वर्षं होत आली आणि ज्याचं माझ्याशी ना नातं ना गोतं.

मी आखातात, मीना सलमान बंदराजवळच्या एका दुकानात काम करते. गोदामांच्या रांगेतला एक गाळा. एका बाजूला बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, दुसऱ्या बाजूला दिवसभर वेल्डिंग. आमच्याकडे इमारतींचे मोठे नकाशे छापून मिळतात आणि जुने कागद स्कॅन करून मिळतात. मी मूळची ट्रेसर, म्हणजे नकाशे हाताने गिरवून काढणारी. मालवणकडच्या खेड्यातून आयटीआयला गेले, तिथून मुंबईला, तिथून इथे. मग कॉम्प्युटर आला, ट्रेसिंग पेपर गेला, मी मात्र राहिले. बावीस वर्षं झाली. जिदहफ्सला एका खोलीत एकटी राहते. लग्न का नाही केलं ते विचारू नका, विचारणारे सगळे थकले.

तर एके दिवशी दुकानात एक इंग्रज म्हातारा आला. ऐंशी ओलांडलेला, हातात काठी, मागे ड्रायव्हर आणि ड्रायव्हरच्या हातात पत्र्याची पेटी. पेटीत त्याच्या घराण्यातल्या कुणा जुन्या जमीनदाराचे कागद होते: जमिनीचे नकाशे, मृत्युपत्र, खरेदीखतं आणि ढीगभर पत्रं. म्हातारा हे सगळं आपल्या गावाकडच्या कागदपत्रांच्या संग्रहाला देऊन टाकणार होता, त्याआधी मुलीसाठी एक प्रत हवी होती. मुलगी इथेच नोकरीला, बाप तिच्याबरोबर सनद नावाच्या भागात राहतो. पन्नास वर्षांपूर्वी बंदरात इंजिनियर म्हणून आला तो आला. "आता परत कुठे जाणार, खलास," असं म्हणून हसला.

मी हातमोजे चढवून पहिला नकाशा काचेवर अंथरला आणि बघतच राहिले. काय हात होता हो त्या सर्व्हेयरचा! एकेक कुंपण केसाएवढ्या रेघेने काढलेलं, प्रत्येक झाडाला त्याची इवलीशी सावली. आणि शेतं पाच रंगांत रंगवलेली: गुलाबी, हिरवी, पिवळी, निळी, विटकरी. मी आपली शहाणपणाने म्हणाले, "पाच भावंडं होती वाटतं?"

म्हाताऱ्याला कळेना. मी समजावलं, की वाटणीचा नकाशा दिसतोय, प्रत्येक भावाच्या हिश्शाला एकेक रंग. आमच्याकडे नाही का, आजोबांचा एक तुकडा, त्याचे चार, चाराचे अकरा, आणि सातबाऱ्यावर नावं एवढी की कागद पुरत नाही! हे ऐकून म्हातारा इतका हसला की खोकला लागला. मला पाणी आणून द्यावं लागलं. रंग कुळांचे होते. पाच कुळं पाच रंगांची जमीन कसत होती, पण मालक एकच. सगळं थोरल्याचं.

"आणि बाकीचे भाऊ?" मी विचारलं.

"एक पाद्री झाला. एक फौजेत गेला. धाकट्याला तुमच्या देशात पाठवला, कारकून म्हणून."

"आमच्याकडे? का?"

"घरी त्याच्यासाठी काही नव्हतं, म्हणून," म्हातारा म्हणाला. "दोन वर्षांत तापाने गेला बिचारा."

आमच्या देशावर राज्य करायला आलेली ही माणसं म्हणजे घरी जमिनीत वाटा न मिळालेली धाकटी पोरं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. क्षणभर त्या कारकुनाची कीव आली. मग म्हटलं, मी तरी इथे वेगळी काय आलेय?

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला ते जुनं वळणदार अक्षर वाचता येईना. मला दोन दिवसांत जमायला लागलं, कारण दुसऱ्याच्या हाताची रेघ ओळखायची यातच माझा जन्म गेलाय. म्हणून त्याने विचारलं, शनिवारी सकाळी घरी येऊन वाचून दाखवशील का? गाडी पाठवतो. मी एका पायावर तयार झाले. शनिवारी नाहीतरी मी काय करते? कपडे धुते आणि गावच्या घराचे फोटो बघते.

गावचं घर म्हणजे आता भावाचं घर. माझ्या पाठचा हा एकच भाऊ, चार वर्षांनी लहान. बाबा गेल्यावर जमिनीवर आम्हा दोघांची नावं लागली. जमीन ती केवढी! घराखालचं परसू, भाताचे दोन कुणगे आणि वर भरडावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूचा एक तुकडा. त्या भरडावर दोन खोल्या आणि पुढे पडवी बांधायची, असं माझं ठरलेलं आहे. नकाशा मीच काढलाय, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत. वीस वेळा बदललाय. नोकरी सुटली की व्हिसा सुटतो, व्हिसा सुटला की महिन्याभरात विमानात बसायचं. मालक म्हणालाय, अजून दोन वर्षं. त्यानंतर मला जगात जायला तेवढीच एक जागा आहे.

आणि नेमका त्याच महिन्यात माझ्या भाच्याचा फोनवर कागद आला. हा भावाचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत असतो, आणि हल्ली घरून काम म्हणून गावीच येऊन राहिला होता. कागद हक्कसोडीसाठीच्या मुखत्यारपत्राचा. आमच्याकडची ही जुनी रीत: बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, सही करायची, बदल्यात साडीचोळी घ्यायची आणि माहेर उघडं ठेवायचं. न करणारी बहीण गावात कजाग ठरते. "आत्या, प्लीज एम्बसीत जाऊन सही करून कुरियर कर," भाच्याने लिहिलं होतं. "नेक्स्ट वीक जमेल ना? सगळे असंच करतात."

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "कर गो बाय. घर तुझाच आसा, कधीव ये." भाऊ माझा देवमाणूस. आजवर एकदाही वाकडा शब्द बोललेला नाही. मी एम्बसीची वेळ घेतली, तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळाला.

खरं सांगते, मला सही करायची नव्हती. पण नाही म्हणायला तोंड कुठलं होतं?

शनिवारी मात्र मी सगळं विसरायची. सनदच्या त्या घरात म्हातारा पाय स्टुलावर टाकून बसायचा आणि मी वाचायची. जमीनदार महा विलक्षण माणूस. अर्धं वर्ष शहरात राहायचा आणि तिथून आपल्या कारभाऱ्याला रोज पत्र. पूर्वेकडचं कुंपण का तुटलं? कावळ्यांनी नवीन पेरा खाल्ला तेव्हा तू काय करत होतास? माझ्या काळ्या कुत्रीला पिल्लं किती झाली, आणि एखादं ठिपक्यांचं आहे का? पायाचा अंगठा सुजलाय, दारू सोडा म्हणतो तो डॉक्टर गाढव आहे. उंच वाढणारी, सावलीची दोनशे झाडं घराच्या रस्त्याला दुतर्फा लावून घेतली आणि खाली लिहिलं, की ही मोठी झालेली मी बघणार नाही, तरी सरळ रेषेत लावा. हे मला फार आवडलं. वाटलं, माणूस जमिनीवर जीव टाकणारा होता.

पुढच्याच पत्रात त्याने अख्खी वाडी उठवली! दिवाणखान्याच्या खिडकीतून ती वाडी दिसायची, ती त्याला नको होती. तिथे तळं खणायचं होतं. अकरा घरं टेकडीपलीकडे. आणि गावाचं गायरान, जिथे लोकांची बदकं न् गाई चरायच्या, तेही सरकारकडून कायदा करून घेऊन आत घेतलं, कुंपण घातलं.

माझं डोकं फिरलं. मी कागद खाली ठेवला आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "हे काय हो सर? लोकांनी बदकं कुठे न्यायची?"

"मी नाही केलं," म्हातारा दोन्ही हात वर करून म्हणाला. "मला तर तळ्यात पोहायलाही मिळालं नाही. माझ्या आजोबांच्या आधीच सगळं विकलं गेलं होतं."

"एवढं करून विकलं?"

"सगळं. आता तिथे गोल्फ खेळतात."

मी कपाळाला हात लावला. आम्ही दोघं खूप हसलो. मग त्याने मला नकाशावरची शेतांची नावं वाचायला लावली. त्यांच्याकडेही प्रत्येक शेताला नाव! उपाशी टेकडी, लांब तुकडा, म्हातारीचा पट्टा. मी त्याला आमच्या शेतांची सांगितली. परसू, वरचं भरड, खालचा वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, कुणगा. चौथ्या नावावर अडकले. दोन कुणग्यांपैकी बांधाकडच्याला बाबा काय म्हणायचे ते आठवेचना. एवढंसं नाव, पण मला तिथल्या तिथे रडू आलं. म्हातारा घाबरला, त्याला वाटलं चहात काहीतरी पडलं.

मृत्युपत्र आम्ही त्याच्या पुढच्या शनिवारी वाचलं. एम्बसीची वेळ तीन दिवसांवर आली होती. जमीनदाराला मुलगा नव्हता, म्हणून सगळं पुतण्याला. पुतण्याला घर, पुतण्याला तळं, पुतण्याला दोनशे झाडं. आणि शेवटच्या पानावर बहीण आली. तोवर एकाही पत्रात नव्हती. बिनलग्नाची, भावाच्याच घरात राहणारी, तीस वर्षं त्याचं घर चालवलेली. तिला काय दिलं होतं? दुधाच्या कोठीवरची एक खोली, जळाऊ लाकूड आणि रोजचं दूध. "माझ्या वारसाला सोयीचं असेल तोवर."

ते पाच शब्द मी पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा.

"तिचं पुढे काय झालं?" मी विचारलं. म्हाताऱ्याला माहीत नव्हतं. मग मला राहवतंय का! मी पेटी धुंडाळायला लागले. पुतण्याची पत्रं वेगळ्या दोऱ्यात बांधलेली होती, अक्षर घाईचं, शाई पुसट. अर्ध्या तासाने सापडलं. चार ओळी, कारभाऱ्याला. कोठीवरची खोली घोड्यांच्या खोगिरांसाठी लागणार आहे, आत्याबाईंची गावात कुठेतरी भाड्याने सोय करावी, आणि हे त्यांना नीट शब्दांत सांगावं. बस्स. त्यानंतर पेटीत ती कुठेच नाही.

"सोयीचं असेल तोवर," म्हातारा पुटपुटला. "भाऊ वाईट नव्हता हो तिचा."

"नव्हताच," मी म्हणाले. "भाऊ कधीच वाईट नसतो."

मग मी त्याला माझं सगळं सांगितलं. कागद, मंगळवार, भरडावरच्या दोन खोल्या. बावीस वर्षांत इथे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं कुणाला, तर इंग्रजाला! त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "पेटीच्या तळाशी एक चामड्याचा कागद आहे, शिक्क्याचा. तो वाच."

तो कागद जमीनदाराच्या बायकोचा होता. निम्मी जमीन मुळात तिच्या माहेरची, तिच्याबरोबर आलेली. त्यातली काही तिच्या नवऱ्याला दुसऱ्याच्या नावावर करायची होती, त्यासाठी तिची संमती हवी. तिने सही केली होती. पण सहीखाली दोन पंचांनी एक ओळ लिहिली होती, की सदर बाईला नवऱ्यापासून वेगळं नेऊन, तो हजर नसताना, तिला आम्ही विचारलं, की तू हे आपल्या खुशीने करतेस की कुणाच्या धाकाने.

"खरंच विचारायचे?" मी म्हटलं.

"कायदाच होता. वेगळ्या खोलीत न्यायचं आणि एकटीला विचारायचं. त्याशिवाय सही धरायचे नाहीत."

"आणि ती काय म्हणाली?"

"खुशीने, म्हणाली. लिहिलंय ना."

"म्हणणारच!" मला रागच आला. "नवरा दाराबाहेर उभा. रात्रीचं जेवण त्याच्याच समोर बसून जेवायचंय. कोण नाही म्हणेल?"

"बहुतेक कुणीच नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पण विचारायचे."

गाडीत बसून परत येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. मला कुणी वेगळं घेऊन विचारलं होतं? घरचा फोन तर कायम स्पीकरवर. भावाला जरा कमी ऐकू येतं म्हणून. मी काहीही बोलले की ते भावजय ऐकते, भाचा ऐकतो, जेवायला आलेला शेजारीसुद्धा ऐकतो. त्या फोनवर मी "बरं, करते" याशिवाय काय म्हणणार होते? आणि मग जिदहफ्सच्या सिग्नलला गाडी थांबली असताना एकदम लक्षात आलं, की त्याच फोनवर तोही बोलत होता. "कर गो बाय" म्हणताना त्याच्या बाजूला कोण बसलं होतं?

खोलीवर आले, पर्स खाटेवर टाकली आणि फोन लावला.

"काय गो बाय? झाली सही?" भावाचा आवाज. मागे टीव्ही.

"मंगळवारी आसा. तू आधी स्पीकर बंद कर."

"कित्याक?"

"कर म्हणतंय ना. कानाक लाव. आणि भायर जा. गोठ्याकडे. एकटोच."

मागून भाच्याचा आवाज आला, "काय म्हणतेय आत्या?" भाऊ म्हणाला, "काय नाय, रेंज नाय." मग चपलांचा आवाज, मग खळ्याच्या अंगणातलं वारं, मग गाय हंबरलेली. टीव्हीचा आवाज बंद झाला तशी मी जोराने, पण सावकाश बोलले, म्हणजे त्याला नीट ऐकू जाईल.

"आता बाजूक कोण नाय ना?"

"नाय."

"मगे खरा सांग. ही सही तुका व्हयी काय? तुका. तुझ्या झिलाक नाय."

आमचा भाऊ लहानपणापासून असाच, मार खाईल पण तोंड उघडणार नाही. मला वाटलं फोन कट झाला. दोनदा हॅलो म्हटलं.

"बाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "सगळा माझ्या नावार झाला की झील आपल्या नावार करून घेतलो. पार्टी बघून ठेवल्यान. बंगले बांधणारी. घरासकट देवचा म्हणता."

"घरासकट?"

"आमका पुण्याक नेतलो. सातव्या माळ्यार. मी थंय काय करू गो? गाय खंय बांधू?"

मी खाटेवर बसले. इतके दिवस मी माझ्या दोन खोल्यांचं रडत होते. हा माणूस उंबऱ्यात बसून स्वतःच्या घराचा निरोप घेत होता आणि मला "कधीव ये" म्हणत होता. माझी सही नाही तोवर काही विकता येत नाही, हे भाच्याला माहीत होतं. भावालाही माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं.

"मगे तू नाय म्हण ना त्येका!" मी ओरडले.

"माझ्यान होणा नाय. एकच झील आमका. आणि त्येची आवस पण तसाच म्हणता." म्हणजे भावजयसुद्धा! मग अगदी हळू, कुणी ऐकेल या भीतीने, म्हणाला, "तू सही करू नको. आणि मी सांगलंय म्हणान कोणाक सांगू नको."

"नाय सांगणा," मी म्हणाले.

सोमवारी मी एम्बसीची वेळ रद्द केली आणि भाच्याला दोन ओळींत कळवलं, की मी सही करणार नाही. पाच मिनिटांत त्याचा फोन. मी दुकानात होते, शेजारी वेल्डिंग चालू, एका कानात बोट घालून ऐकावं लागलं.

"आत्या, व्हॉट इज धिस? बाबांना किती वाईट वाटलंय माहितीये? ते हो म्हणतायत, आई हो म्हणतेय, आणि तू तिकडे बसून नाही म्हणतेस!"

"हो," मी म्हणाले.

"पण का? रीझन तरी सांग. तू एकटी आहेस. तुला मूल नाही, बाळ नाही. आहे कोण तुला, जमीन कुणासाठी ठेवायचीय?"

मला भाऊ आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता.

"मला हवीय," मी म्हणाले.

"म्हणजे लोभच ना हा, आत्या?"

"हो बाळा, लोभच," मी म्हणाले.